आधी ऐकू येणारं हसू

वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे केबल आहे, आमच्याकडे डिश. त्यामुळे रविवारी चहाच्या वेळी लागणारी ती खुनांची विनोदी मालिका त्यांच्याकडे आमच्यापेक्षा काही क्षण आधी पोहोचते. वरून काकांचं गडगडाटी हसू आलं, की आम्ही नवराबायको सावरून बसतो. आता आपल्या पडद्यावर कोणीतरी मरणार!

विचित्रच आहे हे. शेजारी कुणी गेलं, तर ते रडण्यावरून कळतं. आम्ही मात्र हसण्यावरून मरण ओळखायला शिकलो.

काल पडद्यावर तो गरीब चेहऱ्याचा नवरा बायकोच्या चहात कसलीशी पूड ढवळत होता. बायको बिस्किटं आणायला आत गेली होती. माझा कप हातातच राहिला. कान वर लागले होते.

हसू आलं, पण काकांचं नव्हे, काकूंचं. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी कधी ऐकलंच नव्हतं. एकट्याच खदखदून हसत होत्या, थांबेचनात.

मग आमच्या पडद्यावरची बायको बाहेर आली. नवऱ्याची पाठ वळताच तिने ट्रे हळूच फिरवला, आणि त्याने तोच कप उचलून भुरका मारला.

माझ्या शेजारी बसलेली ही फस्सकन हसली. "बरी जिरली मेल्याची!"

मला काही हसू येईना. वर काका अजून गप्पच होते.

"अहो, चहा निवतोय," ही पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "घ्या ना."