एवढं शिकून भूल?

मंडळी, आज जाम हलकं वाटतंय.

मी एमबीबीएस झाले तेव्हाच आमच्या अख्ख्या बोर्ली गावाने ठरवून टाकलं होतं की ही आता बाळंतपणं करणार. मुलगी डॉक्टर म्हणजे अजून काय! आज सकाळी पीजीच्या अर्जात मी पहिली पसंती अ‍ॅनेस्थेशियाला दिली आणि लॉक करून मोकळी झाले.

दुपारी अंगणात सुपाऱ्या सोलताना काकूने विचारलंच. म्हटलं, "भूल देणारी डॉक्टर होणार."

"एवढी शिकलीस नि आता भूल करतेस? तुझं नाव तरी कोण घेल?"

शेजारीच सोलत बसलेली आई या विषयावर आजवर एक शब्द बोलली नव्हती. हातातलं सोलणं न थांबवता ती म्हणाली, "वहिनी, हिच्या वेळेला माझं सिझर झालं. पोट कापणारा डॉक्टर मला आठवत पन नाय. भूल देऊन डोक्याशी बसून 'मी हाय इथं' म्हणत होती ना, ती बाई आठवते. नाव विचारायचं राहिलं."

सोललेल्या सुपाऱ्यांची टोपली काकूने माझ्याकडे सरकवली.

तुम्हाला आठवतं का हो, भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव? नाही ना? चालेल. शुद्धीवर आलात, बास.