किहीमच्या मोरीपाशी पडणारा काटा

मी पेशानं मोटार ड्रायव्हर, आणि गरज पडली की मेकॅनिकसुद्धा. यंत्र बिघडलं की त्याला कारण असतं, ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच मला ठाऊक. देवऋषी, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जात असे. म्हणून हे लिहिताना जरा संकोचच वाटतो… पण घडलं ते घडलं.

तेहतीस-चौतीस सालची गोष्ट. रेवस बंदरात बोटीतून उतरलेल्या लोकांना अलिबागला पोचवणारी सर्व्हिस मोटार मी चालवत होतो. एकदा टपावरची ट्रंक सुटून आत आली आणि समोरच्या मीटरच्या फळीचा चुरा झाला. मालकांनी मुंबईहून एका मोडीत निघालेल्या मोटारीची फळी आणवली. ती मी आणि अलिबागचे अब्दुल मिस्त्री, दोघांनी मिळून बसवली.

बसवली आणि कटकट सुरू झाली. बॅटरी चार्ज होत असताना तिचा काटा उलट बाजूला जायचा – वायरी अदलाबदल झाल्या होत्या, त्या सरळ केल्या. दिवा मिणमिणायचा – फळीमागचा गंज घासला, तोही ठीक झाला. राहिला तो ऑइल प्रेशरचा काटा.

हा काटा रेवसपासून अलिबागपर्यंत नीट चाले. फक्त किहीमजवळ, रस्त्याकडेच्या एका वाडीपाशी आलो की एकदम शून्यावर पडे आणि पुढची मोरी ओलांडली की वर येई. येताना उलट, मोरीशी पडे आणि वाडी मागे पडली की वर येई. ऑइल संपलं असतं तर इंजिन जाम झालं असतं. पण ऑइल भरपूर होतं.

मिस्त्री म्हणाले, "नळीत हवा असेल." नळी बदलली. फरक नाही. शेवटी त्यांनी आपल्याकडचा दुसरा मीटर आणला आणि एकाच नळीवर दोन्ही जोडले. त्या वाडीपाशी त्यांचा मीटर चाळीस दाखवत होता, आणि आमचा शून्य.

मिस्त्रींनी दोन्ही मीटरांच्या काचा पुसून पाहिल्या. "या अल्ला," ते हळूच म्हणाले, "भाऊ, माझी अक्कल इथंच संपली. मीटर खोटं बोलतोय म्हणा आणि चालवा."

मी तसंच केलं. आठ-दहा दिवसांत सवयही झाली. काटा पडला की काचेवर टिचकी मारायची आणि पुढे जायचं.

त्या दिवशी सकाळच्या फेरीला काटा पडला, मी टिचकी मारली, मोरीनंतर तो वर आला. दुपारी परतताना मात्र वाडी मागे पडली तरी तो वर येईना. आता मात्र मी घाबरलो. खरंच ऑइल गेलं असेल तर? गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. पुढच्या सीटवर एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "काय हो, आता काय झालं?"

मी बॉनेट उघडलं. ऑइल पुरतं होतं. आणि त्या शांततेत वाडीतून बारीकसा आवाज आला… मास्तरांनाही आला. "विहिरीतून येतोय," ते म्हणाले.

आम्ही धावलो. वाडीतली हिराबाई रहाटाची गाडग्यांची माळ कवटाळून छातीभर पाण्यात लटकत होती. सात महिन्यांची गरोदर. नवरा गलबतावर खलाशी, घरात दुसरं कोणी नाही. गाडी ओढायचा दोर मी कमरेला बांधला आणि उतरलो. मास्तर आणि उतारूंनी आम्हा दोघांना वर खेचलं.

ओठ निळे पडले होते, तरी ती बोलत होती. "सकालपासून हाका मारतंय दादा. तुमची मोटार गेली तवा पन मारली. त्या आवाजात कोनाला आयकू येनार?"

सकाळी मी टिचकी मारून निघून गेलो होतो.

तिला तशीच मोटारीत घालून, मोटार वळवून अलिबागच्या दवाखान्यात नेलं. दोन महिन्यांनी मुलगी झाली, ठणठणीत. बारशाला मला आणि मिस्त्रींना बोलावणं होतं. पेढे खाताना मिस्त्री कानात म्हणाले, "काटा तर ती पडायच्या आधी पंधरा-वीस दिवस पडत होता. याचं काय करायचं?"

मी मीटर सोडवून उघडूनही पाहिला. आत नेहमीसारखी वाकवलेली पितळी नळी आणि एक इवलं दातेरी चाक. बाकी काही नाही. त्या दिवसानंतर तो काटा तिथं एकदाही पडला नाही. कुणा जाणकाराला कारण सुचलं तर जरूर कळवा, माझ्याकडे तरी ते नाही.

एक मात्र झालं. मोरीपाशी मी आता रोज इंजिन बंद करतो आणि मिनिटभर कान देतो. उतारू कुरकुरतात. वाडीतून रहाटाची कुरकुर आणि त्या पोरीचं हसणं ऐकू येतं. मग मी हँडल मारून इंजिन चालू करतो.