टीव्ही तर बंदच होता

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी माझा भाऊ उद्यमबागेतल्या लोखंड ओतायच्या कारखान्यात कामाला गेला. तिथे छातीत कळ येऊन तो खाली बसला, तो उठलाच नाही. संध्याकाळी त्याला येळ्ळूरच्या स्मशानात नेलं.

आज टीव्हीखालची फळी पुसताना जुन्या प्लास्टिकचा, तापून निवलेल्या धुळीचा वास आला आणि राग पुन्हा वर आला. दुःखाने माणूस मऊ होतो म्हणतात. मी झाले नाही.

त्या फळीवर आमचं लहानपणीचं व्हिडिओ गेमचं मशीन आहे. वर कॅसेट खोचायची, वायरीचे दोन रिमोट हातात घ्यायचे. खेळ एकच, दोन शिपायांचा. अर्धा पायी: जंगलातून पळायचं, खड्ड्यांवरून उड्या मारायच्या, समोर येईल त्याला गोळी घालायची. मग डोंगरमाथ्यावर विमान उभं असायचं आणि उरलेली लढाई आकाशात. पायी असताना दगडाआड थांबून दम खाता येतो. विमानात पडदा आपणहून पुढे सरकत राहतो. मागे रेंगाळेल तो कडेला चिरडला जातो. रेंगाळायची मीच.

“आक्का, इमानात बसलीस की मरतीस बघ तू. पुस्तकं वाचून इमान चालत न्हाय गं.”

“आन् तू खड्ड्यात पडतोस त्ये रं?”

“मी हसत पडतो. तू तोंड पाडून मरतीस.”

चाळिशी ओलांडलेला, भट्टीच्या धगीने काळवंडलेला माणूस कामावरून येऊन, हातपाय धुऊन, जमिनीवर मांडी घालून हे खेळायचा. पाहुणे हसायचे. हसोत. दिवसभर लोखंड ओतून आलेल्याने संध्याकाळी काय करावं हे ठरवायला यांना कुणी बसवलं होतं?

त्या जुन्या खेळात काही साठवून ठेवायची सोय नाही. मशीन बंद झालं किंवा कॅसेट उपसली की सगळं पुसलं जातं. पुन्हा पहिल्या जंगलापासून सुरुवात. म्हणून आम्ही लहानपणीच एक रीत पाडली होती. जेवायची हाक आली की खेळ जागच्या जागी थांबवायचा, टीव्ही बंद करायचा आणि मशीन मात्र चालूच ठेवायचं. लाईट गेली तरी घात होऊ नये म्हणून पुढे त्याने ते इन्व्हर्टरला जोडलं. तो गेला त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, आम्ही दोघंही जिवंत राहून शेवटच्या आकाशात पोचलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आईने हाक मारली. त्याने खेळ थांबवला.

“मशीनला हात लावू नको हां आक्का. उद्या आल्यावर फुडं जाऊ.”

तो आला नाही. घर माणसांनी भरलं. सुतकात टीव्ही कोण लावणार? काळ्या पडद्यामागे आमची दोन विमानं शेजारीशेजारी थांबलेली आहेत, हे एकट्या मला ठाऊक होतं. येता-जाता मी मशीनच्या अ‍ॅडॅप्टरवर हात ठेवायची. तो गरम असायचा. घरात त्याच्या हाताने सुरू झालेलं तेवढंच काहीतरी अजून चालू होतं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचं सगळं रक्षेजवळ कावळ्यासाठी मांडतात. चहा मांडला, चिवडा मांडला, तंबाखूची पुडी मांडली. मग आप्पांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पिशवीत हात घालून ती कॅसेट काढली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली.

“त्येला लई आवडायचं न्हवं हे? म्हटलं, हे बी ठिवू.”

“आप्पा, ती चालू होती.”

“टीव्ही तर बंदच हुता की गं.”

कावळ्याने चिवडा उचलला. “शिवला, शिवला,” म्हणत भावकीने सुटकेचा श्वास टाकला. मी कॅसेट उचलली तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, आता हे खेळ मोबाईलवर फुकट मिळतात. त्या माणसाचं तोंड मला अजून दिसतं.

आप्पांच्या हातून हे दुष्टपणाने घडलं असतं तर किती सोपं झालं असतं. त्यांनी ते मायेने केलं, डोळे पुसत केलं. आणि म्हणूनच माझ्या रागाला कुठे टेकायला जागा नाही. रागावले तर मी वेडी, एका खेळण्यापायी म्हाताऱ्याला बोलणारी. दहावा, बारावा, तेरावा, महिना: दिवस आपणहून पुढे सरकत राहिले आणि मला ढकलत राहिले. दगडाआड उभं राहायला एक संध्याकाळही कुणी दिली नाही. माणूस गेला हे मी पत्करलं. पण तो जिथे थांबला होता ती जागा माझी होती. तिथे केव्हा जायचं, ते आकाश पुरं करायचं की तसंच ठेवायचं, हे मी ठरवणार होते. ते मला न विचारता ठरलं.

मशीन चालतं. खेळ पहिल्या जंगलापासून सुरू होतो. आप्पा रविवारी येतात. मी त्यांना चहा देते, आणि अजून बोलत नाही.