मागचं डावं दार

राहात्यात माझं ऑटो इलेक्ट्रिकचं छोटं गॅरेज आहे. अठरा वर्षं झाली. गाडीत भूत आहे, गाडी लाभत नाही, असं सांगत येणारी गिऱ्हाइकं मी भरपूर पाहिलीत आणि दर वेळी त्या भुताची वायर शोधून दाखवलीय. उंदराने कुरतडलेली, नाहीतर पाणी शिरलेली. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आता बसलाय असंही म्हणत नाही. फक्त झालं ते सांगतो.

गेल्या वर्षी माझा मेव्हणा संदीप जुनी हायब्रिड गाडी बघत होता. त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगरला न्यावं लागतं. रस्त्यात बंद पडणारी गाडी चालणार नव्हती. "दाजी, तुमी हो म्हनलं तरच घेतो," म्हणाला. गाडी सोनईला होती, एका वयस्कर बागायतदारांकडे. आम्ही त्यांना काकाच म्हणत होतो.

सकाळचे अकरा, काकांचं अंगण, लख्ख ऊन. बारा व्होल्टची बॅटरी लोड देऊन तपासली — ठीक. स्कॅनर लावला, एकही एरर नाही. हायब्रिड बॅटरीचे सगळे ब्लॉक जवळपास सारख्या व्होल्टेजला. तिच्या पंख्याची जाळीसुद्धा साफ!

मग स्टिअरिंगवर बसलो, दार लावलं. दोन-तीन सेकंदांनी डिस्प्लेवर मागचं डावं दार उघडं दाखवलं, आतला दिवा लागला... आणि परत बंद. दार जागचं हललंही नव्हतं.

"स्विच गेलाय," मी म्हणालो. खाली उतरलो, तर दोन सेकंदांनी परत तेच. उघडं, बंद.

त्या दाराच्या स्विचचा प्लगच काढून ठेवला. आता दार उघडलं तरी गाडीला कळायला नको. परत बसलो. उघडं... बंद. वायर कुठे गाडीच्या पत्र्याला लागून खोटा सिग्नल देतेय का, मीटर लावून, हलवून हलवून पाहिलं. कुठेच लागत नव्हती.

काका गोंधळले. "आट वर्सं वापरतोय, असं कदीच न्हाई झालं हो."

ते स्वतः बसले. काही नाही. संदीप बसला. काही नाही. दोघं तीन-तीनदा चढले-उतरले. मी मोबाईल, किल्ल्या, कमरेचा पट्टासुद्धा काढून ओट्यावर ठेवला आणि बसलो. दोन सेकंद... उघडं, बंद.

आमच्या धंद्यात फॉल्ट असाच शोधतात. एकेक वस्तू बदलून बघायची. जी काढल्यावर फॉल्ट जातो, ती खराब. इथे बदलत होता तो फक्त माणूस.

काकांनी हळूच विचारलं, "तुमच्यासंगं आनखी कोन आलंय का?"

"नाही. आम्ही दोघंच."

त्यांनी मागच्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाजी, काय करू? घिऊ का नको?" संदीपचा आवाज बारीक झाला होता. गाडीत दोष सापडला असता तर सरळ नको म्हणालो असतो. पण दोष गाडीत नव्हता... शेवटी खरं तेच सांगितलं, "गाडी चांगली हाय. घे."

दाराच्या स्विचचा प्लग परत जोडून दिला, आणि त्याने गाडी घेतली. वर्ष होत आलं, सासऱ्यांची एकही खेप चुकलेली नाही. दार बंद असताना तो दिवा पुन्हा कधीच लागला नाही म्हणे. मी मात्र त्या गाडीत बसत नाही. बायको विचारते, भावाची गाडी दारात असताना मोटरसायकल कशाला? काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेतो.

ओळखीच्या दोन-तीन मेकॅनिकांना विचारलं. अंगातली स्टॅटिक वीज असेल, ओलावा असेल, म्हणाले. असेलही. मला पटत नाही, आणि दुसरं काही सांगताही येत नाही.

दुसऱ्या कुठल्या गाडीत असं झालेलं नाही. पण एक सवय लागलीय — गिऱ्हाइकाची कुठलीही गाडी तपासायला बसलो की दार ओढून घेण्याआधी मी क्षणभर थांबतो. कुणासाठी, ते मला माहीत नाही.