उठता येतं ते पडसं

आमच्या घरात आजाराचे दोनच प्रकार होते, आणि ते वडिलांनी ठरवलेले होते. सकाळी अंथरुणातून उठून जनावरांना वैरण टाकता आली तर पडसं. टाकता आली नाही तर ताप. पडशाला आल्याचा चहा, तापाला इस्लामपूरचा दवाखाना. मधलं काही नाही. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण हा नियम मागे राहिला. थोरल्या भावानं तो फौजेत नेला, तिथं अठरा वर्षं पाळला आणि पेन्शनबरोबर गावी परत आणला.

मी मात्र या नियमात कधी बसलो नाही. मला नुसतं पडसं झालं तरी उठता येत नाही. साताऱ्याला सरकारी कचेरीत खुर्चीवर बसून माझी हयात गेली, त्यामुळे वैरणीचा प्रश्न येत नाही, पण आला असता तर जनावरं उपाशी राहिली असती. बायको म्हणते, "तुमच्या शिंकेच्या आधी रजेचा अर्ज पोचतो." हे खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण छाती ठोकली की मला खोकला येतो.

गेल्या वर्षी तर मी कहर केला. घसा दुखायला लागला, नाक वाहायला लागलं, आणि हा फ्लूच आहे असं मी स्वतःच ठरवलं. भावाला फोन करून अशा आवाजात बोललो की तो बिचारा हातातलं काम टाकून शेजाऱ्याची गाडी घेऊन साताऱ्याला आला. दवाखान्यात डॉक्टरांनी माझी जीभ बघितली, छाती ऐकली, आणि वाफ घ्या म्हणून सांगितलं. गोळीसुद्धा दिली नाही. भाऊ बाहेर येऊन एवढंच म्हणाला, "आमच्या पलटणीत असतास तर तुला वाफंवरच पाठीवलं असतं रं, सरळ घरला." तेव्हापासून गावाकडं माझी शिंक हा करमणुकीचा विषय आहे. कुणी शिंकलं की विचारतात, "गाडी सांगू का?"

त्या कोरोनाच्या काळापासून माझ्या पिशवीत एक छोटं पाकीट असतं. त्यात थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, दोन-चार गोळ्यांची पाकिटं आणि वाफेच्या कॅप्सूल. हे सगळं घेऊन मी यंदा फेब्रुवारीत गावी निघालो. हळद शिजवायची होती. दरवर्षी मी त्या चार दिवसांत मदतीला जातो. मदत म्हणजे मी खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि कुकरवाला काही विचारेल तर भावाकडं बोट दाखवतो. यंदा मला मंगळवारपासून पडसं होतं. बायको म्हणाली, "मग जाऊ नका." मी म्हणालो, "कर्तव्य आहे." तिनं माझ्या पिशवीत चार रुमाल जास्त घातले.

शनिवारी दुपारी पोचलो तर कुकर चालू होता. ट्रॅक्टरला जोडून आणलेला मोठा बॉयलर, त्याला लोखंडी ड्रम, ड्रममध्ये कच्ची हळद, खालून वाफ. शिजली की ड्रम उलटा करून ताडपत्रीवर ओततात आणि पसरतात. त्या ओल्या, मातकट वासानं बंद नाकसुद्धा थोडं उघडलं. शेजारच्या खळ्यावर वाळलेल्या हळदीचं पॉलिश चाललं होतं. त्या फिरत्या पिंपातून निघणारा धुरळा अख्ख्या वस्तीवर बसत होता. माणसं, शेळ्या, दोरीवरचे कपडे, सगळ्यांचा रंग एकच. त्या दिवसांत आमच्याकडं जो तो खोकतो आणि जो तो पिवळा दिसतो. कुणी कुणाला विचारत नाही.

वहिनी हळद पसरत होत्या. मला बघून हातातलं फावडं टाकून आल्या. "आवं भावजी, नाक बघा कसं लाल झालंय. बसा, काढा करते." त्या माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठ्या. त्यांना साखर आहे, गोळी घेतात, आठवण झाली तर. मी ओसरीवर बसलो, आणि तिथून पुढचे दोन दिवस मी फक्त जेवायला, झोपायला आणि अत्यंत गरजेपुरताच उठलो.

रविवारी सकाळी काढा आला तेव्हा वहिनींची बोटं माझ्या हाताला लागली. पेल्यापेक्षा गरम होती. मला वाटलं, चुलीजवळून आल्यात. दुपारी त्या खोकत होत्या, कोरडा, ठसका लागल्यासारखा. भाऊ म्हणाला, "पॉलिशचा धुरळा. तोंडाला पदर बांध म्हटलं तर ऐकत न्हाई." मला तेही पटलं. संध्याकाळी भाकरीबरोबरच्या आमटीत मीठ नव्हतं. मी विचार केला, पडशानं माझ्या तोंडाची चव गेली. त्या घरात त्या दिवशी जे काही चुकत होतं, त्याचं कारण माझ्याकडं तयार होतं, आणि त्यातली निम्मी कारणं माझ्या नाकातून निघत होती.

आणि वहिनी उठत होत्या. हे सांगायलाच हवं. पहाटे उठून शेण काढत होत्या, वैरण टाकत होत्या, शेळीची धार काढत होत्या. वडिलांच्या नियमाप्रमाणं त्यांना पडसंसुद्धा पुरतं झालेलं नव्हतं.

सोमवारी बाराच्या सुमारास मी ओसरीवर वाफ घेत होतो. डोक्यावर टॉवेल, समोर पातेलं. वहिनी परसदाराकडून म्हणाल्या, "भावजी, शेळीला जरा पाला टाकता का?"

मी टॉवेल बाजूला केला. पाला टाकला. शेळीनं माझ्याकडं संशयानं बघितलं. परत येता येता मधेच थांबलो, कारण तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनींनी मला कधी काम सांगितलं नव्हतं. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलून देणारी बाई. परसदारात गेलो तर त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, डोकं चौकटीला टेकून, डोळे मिटून. उन्हात बसलेल्या, तरी पदर अंगाभोवती घट्ट ओढलेला. दात वाजत होते.

पाकीट आत माझ्या पिशवीत होतं. ते काढायला मला किती वेळ लागला, हे कबूल करणं जड जातं. मी आत गेलो, पाकीट घेतलं, आणि माजघरात उभा राहिलो. डोक्यात एकच गोष्ट: दादा हसेल. पुन्हा गाडी सांगायची, पुन्हा डॉक्टर म्हणणार वाफ द्या, आणि मग जन्मभर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात तीच गोष्ट. पंधरा मिनिटं असतील, जास्तही असतील. बाहेर वहिनी बसलेल्या, आणि आत मी माझ्या अब्रूची काळजी करत उभा. स्वतःच्या घशासाठी पन्नास मैलांवरून गाडी बोलावणारा माणूस मी, तिथं मात्र मला एकदम शहाणपण सुचलं होतं.

शेवटी गेलो. थर्मामीटर लावला. एकशे तीन. त्यांच्या बोटावरची हळद पुसून यंत्र लावलं. ब्याण्णव.

भाऊ खळ्यावरून आला. "काय चाललंय?"

"वहिनींना ताप आहे. ऑक्सिजन कमी दाखवतंय. दवाखान्यात नेलं पाहिजे."

"सकाळी वैरण टाकली की तिनं."

"टाकली. तरी ताप आहे."

"तुझं यंत्र बिघडलं आसंल. तुझ्याच बोटाची सवय लागलीय त्याला." असं म्हणून त्यानं ते स्वतःच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव आलं. त्यानं ते काढून परत वहिनींच्या बोटाला लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत बघत उभा राहिला. मग गाडीची किल्ली आणायला शेजारी गेला. धावत गेला. मी त्याला धावताना पोरवयात बघितलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

इस्लामपूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, कधीपासून?"

उत्तर भावानं दिलं. "दोन-चार दिवस झालं, हळदीचा धुरळा बसलाय."

"काकूंना विचारलंय मी."

वहिनी डोळे न उघडता म्हणाल्या, "शनवारी. दुसरा ड्रम उतरत हुता तवा. पयल्या ड्रमाला चांगली हुते मी. दुसरा उतरताना एकदम हातपाय गळाल्यावानी झालं, हाडं ठणकाय लागली. तवापास्नं."

शनिवारी दुसरा ड्रम उतरत होता तेव्हाच मी पोचलो होतो. फावडं टाकून त्या माझ्याकडं आल्या होत्या ते अंगात ताप घेऊनच.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि मग माझ्याकडं वळल्या, कारण मी मधेच शिंकलो. "आणि तुम्हाला कधीपासून?"

मी सुरू केलं. मंगळवारी घसा जरा खवखवला, बुधवारी नाक, गुरुवारी जास्त, शुक्रवारी थोडं उतरल्यासारखं वाटलं पण मग... त्यांनी हात वर करून थांबवलं.

"तुमची सर्दी आहे. सर्दी पायरी पायरीनं येते, आज घसा, उद्या नाक. कधी सुरू झाली ते नीट सांगता येत नाही माणसाला. फ्लू दार ढकलून आत येतो. पेशंटला वेळसुद्धा सांगता येते, काकूंनी सांगितली तशी. दर वेळी इतकं सरळ नसतं, म्हणून नाकातला नमुना तपासू. पण साखर आहे, ऑक्सिजन कमी आहे. आज ठेवून घेते."

"माझ्यामुळं झालं का?" मी विचारलं.

"तुमच्या सर्दीनं फ्लू होत नाही. गावात सगळे खोकतायत ना? त्यातले सगळेच हळदीमुळं खोकत नसतील." मग भावाकडं बघून म्हणाल्या, "दोन दिवस अंगावर काढलंय त्यांनी. अजून एक-दोन दिवस काढले असते तर मी तुम्हाला सांगलीला पाठवलं असतं, आणि तिथं काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही."

भाऊ हातातल्या टोपीची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

तपासणीत फ्लूच निघाला. गोळ्या सुरू झाल्या, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. पहिली रात्र सरली, मंगळवारचा दिवस वाईट गेला. ताप उतरायचा, चढायचा. नर्सनं ओल्या कापसानं वहिनींचं तोंड पुसलं तर कापूस पिवळा झाला आणि खालचा रंग दिसला, राखेसारखा. शनिवारपासून तो तिथंच असणार. आम्ही दोघं भाऊ दोन दिवस त्या पिवळ्या तोंडाकडं बघून जेवत होतो.

खाटेजवळच्या स्टुलावर बसून मला वडिलांच्या नियमाचं नवल वाटत राहिलं. वडील आजारी पडले तेव्हा वैरण आई टाकायची. भाऊ आजारी पडला तर वहिनी. मी पडलो तर साताऱ्यात माझी बायको, वैरण नसली तरी. आपल्यामागं कुणीतरी उठणार आहे हे ज्यांना ठाऊक, त्यांच्यासाठी तो नियम बरोबर होता. वहिनींच्या मागं कुणी नव्हतं. मेल्याशिवाय त्या नियमानं त्यांना ताप आला नसता. हे मी भावाला बोलून दाखवणार होतो, पण तो दवाखान्याच्या नळावर वहिनींचं लुगडं धूत होता. पिळताना ते त्याला आवरत नव्हतं, म्हणून उठून मी दुसरं टोक धरलं.

बुधवारी सकाळी ऑक्सिजन पंच्याण्णववर गेला. दुपारी वहिनींनी डोळे उघडून पहिलं विचारलं ते हळदीचं. रानाच्या खालच्या पट्टीतली हळद काढून ओल्या पोत्यांखाली झाकून ठेवली होती, आणि तिच्यासाठी कुकरची पाळी गुरुवारी होती. पाळी चुकली की कुकर पुढच्या गावाला जातो, मग कधी फिरेल ते कुकरवालाही सांगू शकत नाही.

"उद्या सोडत्यात का बघा," त्या भावाला म्हणाल्या. "मी नुसती कडंला बसून बघीन. फावडं धरत न्हाई."

"कडेला बसायचं काम माझं आहे," मी म्हणालो. त्यांना हसू आलं, मग खोकला आला, मग मी गप्प बसलो.

भावानं खिशातून फोन काढला. फौजेतला माणूस, पाळी चुकवणं त्याला माहीत नाही. कुकरवाल्यानं उचलल्यावर तो खिडकीकडं तोंड करून बोलला, पण आवाज मुळातच मोठा, सगळ्या खोलीला ऐकू गेला. "उद्याची पाळी म्होरल्याला द्या. न्हाई, हळद हाय की. माणूस आजारी हाय घरात. ...व्हय, व्हय, खराब झाली तर हुंदे. ...न्हाई गड्या, पडसं न्हाई. फ्लू झालाय तिला. अजून आठ दिवस उठायची न्हाई ती."

फोन ठेवून तो वळला तर वहिनींनी भिंतीकडं तोंड केलेलं. तो माझ्याकडं बघायला लागला. मलाही वाटलं, रागावल्या. त्या हळदीसाठी त्यांनी वर्ष घातलं होतं. मी उठून, स्टूल न वाजवता, पलीकडं जाऊन वाकून बघितलं.

झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली.