खरबुजांच्या फुलांवरच्या माश्या

परवा उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका गाडीवर पिवळ्या सालीची खरबुजं कापून ठेवली होती. तो गोड वास आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

लग्नानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. सासूबाई खरवईच्या शेतात बाजारासाठी अशीच खरबुजं लावायच्या. वेली फुलावर आल्या होत्या, म्हणून मधमाश्यांना वाट द्यायला आम्ही दोघी किडीपासून वाचवायला वेलींवर घातलेलं पांढरं कापड काढत होतो. तेवढ्यात बांधावरच्या झाडावरचं आग्यामोहोळ उठलं. मी पळणार, तोच सासूबाईंनी मला खाली ओढलं, कापड माझ्यावर टाकलं आणि त्यावर स्वतः पालथ्या पडल्या.

"हलू नको गो. वराडू पन नको."

कानाशी नुसता घोंगावणारा आवाज. तोंडात माती गेली होती. पाठीशी काळीज धडधडत होतं. ते माझंच, असं तेव्हा वाटलं. आता कळतं, ते त्यांचं होतं.

चेहऱ्यावरची सूज उतरायच्या आत त्या पुन्हा शेतात निघाल्या.

"आई, नका ना जाऊ," मी म्हटलं.

"माश्या आल्या नाय, तं फल कसा धरल?"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांच्यासोबत निघाले.