सेव्ह न केलेलं पत्र

ऑफिसात त्याला सगळे ‘अर्जंट’ म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम, आणि पायाला भिंगरी लागलेली. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचं उत्तर तयार. लिफ्टची वाट पाहायची नाही म्हणून चार मजले जिन्याने चढून वर धापा टाकत बसेल. बायको म्हणायची, “अहो, चहा तरी उकळू द्या!”

त्या शुक्रवारी सगळ्या मशीनवर नवं अपडेट चढवायचं होतं. अकरा मशीन झाली. बारावं हेडक्लार्क बाईंचं. तिथे घोडं अडलं. ‘आधी चालू प्रोग्रॅम बंद करा’ ही सूचना काही हटेना. बाई जेवायला गेलेल्या. मागे काय काय चालू आहे ते त्याने उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. बाई रोज संध्याकाळी फक्त स्क्रीन बंद करून घरी जात. मशीन तीन आठवडे अखंड चालू! कॅलेंडर, कॅल्क्युलेटर, सतरा फायली, सगळं मागे दडलेलं. त्याने एकेक बंद करायचा सपाटा लावला. एका फायलीने विचारलं, सेव्ह करू का? वाचत बसायला सवड कोणाला? त्याने ‘नाही’वर दाबलं. अपडेट सुरळीत पार पडलं.

बाई आल्या, चष्मा लावून शोधू लागल्या.

“माझं पत्र कुठंय?”

“कुठलं पत्र?”

“धाकट्या बहिणीला लिहिलेलं. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही. फोन ती उचलत नाही. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे, आज टपालात पडलं तर उद्या मिळेल. तीन आठवडे रोज सकाळी लवकर येऊन लिहितेय हो!”

त्याने सगळे फोल्डर पालथे घातले. फायलींच्या प्रती आपोआप राहतात त्या जागी काहीच नव्हतं. मशीन हळू चालतं म्हणून ती सोय मागच्या वर्षी त्यानेच बंद केली होती. आता दोष कोणाला देणार? त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली.

“तुम्ही सांगा, मी टाइप करतो. भराभर होईल,” तो म्हणाला.

बाई चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. टपाल चारला निघायचं, तीन वाजून गेले होते. टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत होता. ‘लवकर सांगा’ हे शब्द दोनदा जिभेवर आले, दोन्ही वेळा त्याने ते गिळले.

“माझं चुकलं,” बाई शेवटी म्हणाल्या, “एवढं लिहा.”

त्याने लिहिलं. “पुढे?”

“पुढे काही नाही. बाकीची चार पानं तिचं काय काय चुकलं त्याचीच होती.”

कागद छापून आला. बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘सोमवारी मी येतेय.’